जनुकांना बटणे नसतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्करोगाविषयीच्या बातम्यांत ‘जनुके चालू-बंद करणारी विकरे’ ही शब्दयोजना आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. मांडणी ठरलेली असते. अमुक विकर, म्हणजे एन्झाइम, कर्करोगाला आळा घालणारे जनुक बंद करते. त्याला रोखणारे औषध सापडले की जनुक पुन्हा चालू आणि रोग आटोक्यात. सुटी सुटी वाक्ये खोटी नसतात. पण ती या क्रमाने ठेवली की वाचक सुतावरून स्वर्ग गाठतो. हिस्टोन प्रथिनांवर काम करणारी काही महत्त्वाची विकरे अशी आहेत की एका ऊतीत त्यांचा जोर वाढल्याने कर्करोग होतो आणि दुसऱ्या ऊतीत ती हरवल्याने. हे कळले तर औषधांच्या माहितीपत्रकातले काही विचित्र वाटणारे इशारेही उलगडतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी गुंडाळणी पाहू. एका मानवी पेशीतला डीएनए ताणून धरला तर सुमारे २ मीटर भरेल. तो मावतो ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात. एच-२-ए, एच-२-बी, एच-३ आणि एच-४ या हिस्टोनांची प्रत्येकी दोन, अशी आठ प्रथिने मिळून एक रीळ होते. त्यावर डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या जवळजवळ पावणेदोन वेढे घेतात. एका पेशीत अशी रिळे तीन कोटींच्या घरात असतात. डीएनए आणि हिस्टोन मिळून होते ते क्रोमॅटिन. रिळाबाहेर हिस्टोनांची शेपटे लोंबतात आणि त्यांवर लायसीन हे धनभारित अमिनो आम्ल ठिकठिकाणी असते. लायसीनचे एकाक्षरी चिन्ह ‘के’. म्हणून एच-३ मधल्या सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसीनला ‘एच-३ के-२७’ म्हणतात. तपासणी अहवालात ही अक्षरे दिसली तर दचकू नये. तो नुसता पत्ता आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीला बटणापेक्षा जवळची उपमा म्हणजे मुद्रितशोधकाच्या खुणा. मजकूर तोच राहतो, खूण समासात पडते, आणि ती वाचून पुढचा माणूस काम करील तेव्हाच तिला अर्थ येतो. पेशीतही खुणा करणारी विकरे वेगळी, खोडणारी वेगळी, आणि खुणा वाचणारी प्रथिने तिसरीच. पी-३०० आणि सीबीपी ही विकरे ॲसिटिल कोएन्झाइम-ए मधला ॲसिटिल गट उचलून लायसीनवर बसवतात. त्याने लायसीनचा धनभार जातो, ऋणभारित डीएनएवरची पकड सैल होते, आणि ब्रोमोडोमेन हा ॲसिटिल ओळखणारा भाग असलेली प्रथिने तिथे येऊन बसतात. मिथिल गट बसवणारी विकरे तो एस-ॲडेनोसिल मेथिओनीनमधून घेतात. मिथिल गटाने भार बदलत नाही. त्याचा परिणाम जवळपास सगळा वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. शिवाय एका लायसीनवर एक, दोन किंवा तीन मिथिल गट बसू शकतात आणि तिन्हींचा अर्थ सारखा नसतो.

यातले काही नवे नाही. हिस्टोनांवरच्या ॲसिटिल गटांचा आरएनए तयार होण्याशी संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑलफ्रे आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच मांडले होते. पण खूण करणारे विकर हाती आल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने टेट्राहायमेना या एकपेशीय जिवातून ॲसिटिल बसवणारे विकर ओळखले, आणि त्याच वर्षी ते काढणारेही सापडले. मिथिल बसवणारे पहिले लायसीन-विकर थॉमस जेनुवाइन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. मिथिल गट एकदा बसला की बसला, असे त्यानंतरही काही वर्षे मानले जाई. यांग शी यांच्या गटाने २००४ मध्ये एलएसडी-१ हे खोडणारे विकर दाखवून तो समज मोडला. एलएसडी-१ एक किंवा दोन मिथिल गट काढू शकते, तीन असतील तर नाही, कारण त्याच्या रसायनाला नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी लागते. तिहेरी खूण खोडणारे कुटुंब वेगळे आहे. त्याला लोह, ऑक्सिजन आणि पेशीच्या चयापचयातला अल्फा-कीटोग्लुटारेट हा रेणू लागतो.

खुणांचे ठोकताळे साधारण असे. के-४ वरचे तीन मिथिल गट चालत्या जनुकाच्या तोंडाशी दिसतात, के-३६ वरचे जनुकाच्या अंगभर, के-९ वरचे घट्ट मिटलेल्या भागात. के-२७ मात्र गमतीची जागा आहे. तिथे ॲसिटिल असेल तर तो भाग जागा, तीन मिथिल असतील तर झाकलेला; आणि एकाच लायसीनवर दोन्ही एकाच वेळी बसू शकत नाहीत. म्हणून या एकाच जागेपाशी थोडे थांबू. तिथे मिथिल बसवते ते ईझेडएच-२. ते एकटे काम करीत नाही. सुझ-१२ आणि ईईडी या साथीदारांसह पीआरसी-२ नावाचा संच होतो आणि त्यातला एक जरी गळाला तरी काम थांबते.

पहिले चित्र बी-पेशींच्या लिम्फोमाचे. लसिकाग्रंथीत बी-पेशी झपाट्याने विभागत असतात तेव्हा ईझेडएच-२ त्यांची परिपक्व होण्याची जनुके तात्पुरती झाकून ठेवते. वेळ आली की झाकण निघायला हवे. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या आणि मोठ्या पेशींच्या एका प्रकारच्या लिम्फोमाच्या साधारण पाचव्या हिश्श्यात या विकराच्या ६४१ व्या जागेवरचे टायरोसीन बदललेले आढळते. हा बदल २०१० मध्ये पुढे आला. आधी तो विकर निकामी करणारा वाटला होता, कारण कोऱ्या लायसीनवर बदललेले विकर खरोखरच फारसे चालत नाही. मग उलगडा झाला. मूळ विकर पहिला मिथिल गट बसवण्यात पटाईत असते, दोनावरून तीनवर नेण्यात सुस्त. टायरोसीन क्रियास्थळात, म्हणजे विकराच्या काम करणाऱ्या खाचेत, जागा अडवून बसलेले असते. त्याच्या जागी लहान अमिनो आम्ल आले की दोन मिथिल गट घेऊन आलेले जाडजूड लायसीनही आत मावते आणि तिसरा गट सहज बसतो. एका जनुकप्रतीतून मूळ विकर पहिली पायरी करते, दुसऱ्या प्रतीतून बदललेले शेवटची. दोघे मिळून पेशीभर तिहेरी खुणांचा पूर येतो. म्हणूनच रुग्णांत हा बदल दोनपैकी एकाच प्रतीत सापडतो. दोन्ही प्रती बदलल्या तर पहिली पायरी कोण करणार?

दुसरे चित्र नेमके उलटे आहे. टी-पेशींच्या पूर्वज पेशींतून होणाऱ्या तीव्र ल्युकेमियात आणि अस्थिमज्जेच्या काही विकारांत हेच ईझेडएच-२ निकामी झालेले सापडते. तिथे झाकण निघणे हाच रोगाचा भाग असतो. मुलांच्या मेंदूच्या स्तंभात होणाऱ्या एका अतिशय घातक गाठीत तर विकर शाबूत असते आणि हिस्टोनच बदललेला असतो. सत्ताविसाव्या जागी लायसीनऐवजी मेथिओनीन. हा शोध २०१२ चा. एच-३ ची माणसात डझनाहून अधिक जनुके आहेत, त्यांतल्या एकाच्या एका प्रतीत हा बदल होतो, म्हणजे बदललेले प्रथिन एकूण एच-३ चा लहानसा वाटाच. तरीही के-२७ वरची तिहेरी खूण जवळपास पेशीभर ओसरते, कारण बदललेला हिस्टोन पीआरसी-२ च्या कामात अडसर घालतो. खूण वाढली तरी कर्करोग, गेली तरी कर्करोग. या विकराला आता ‘कर्करोगाचे विकर’ म्हणायचे की ‘रक्षक विकर’?

ईझेडएच-२ ला रोखणाऱ्या टाझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये आधी एपिथेलिऑइड सार्कोमासाठी आणि मग फॉलिक्युलर लिम्फोमासाठी मान्यता मिळाली. मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तोंडाने. लिम्फोमाच्या चाचणीत विकर बदललेल्या रुग्णांपैकी सुमारे ६९ टक्क्यांत गाठी लक्षणीय आक्रसल्या, न बदललेल्यांत सुमारे ३५ टक्क्यांत. दुसरा आकडा बातम्यांत सहसा येत नाही, आणि खरा विचार करायला लावणारा तोच आहे, कारण विकरात दोष नसतानाही गाठ त्याच्यावर विसंबून असू शकते. सार्कोमातही ईझेडएच-२ बदललेले नसते. तिथे रिळे हलवून डीएनए मोकळा करणाऱ्या संचातले आयएनआय-१ हे प्रथिन हरवलेले असते आणि पीआरसी-२ ला विरोधकच उरत नाही. याच औषधाच्या माहितीपत्रकात टी-पेशींचा लिम्फोमा, अस्थिमज्जेचा विकार आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमिया नव्याने उद्भवण्याचा इशारा होता. कर्करोगाच्या औषधाने कर्करोग कसा, असे वाचणाऱ्याला वाटेल. वरची दोन चित्रे शेजारी ठेवली की कोडे उरत नाही.

बाकीच्या विकरांना थोडक्यात आटोपतो. एमएलएल हे के-४ वर खूण करणारे विकर. अकराव्या गुणसूत्राच्या तुटण्याने त्याचा पुढचा भाग दुसऱ्याच प्रथिनाला जोडला जातो. एक वर्षाखालच्या बाळांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हे बहुतेकदा दिसते. गंमत अशी की या जोडणीत एमएलएलचा खूण करणारा तुकडाच गळून पडतो. रोग होतो तो जोडीदार प्रथिन डॉट-१-एल या दुसऱ्याच विकराला चुकीच्या जागी ओढून आणते म्हणून. ते के-७९ वर खुणा करते आणि रक्तपेशींना कोवळ्याच ठेवणारी जनुके थांबत नाहीत. एकट्या डॉट-१-एलला रोखून रुग्णांत फारसे साधले नाही. एमएलएल ज्या मेनिन प्रथिनाच्या आधाराने डीएनएवर टिकते तो आधार काढणाऱ्या रेव्युमेनिबला मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आयडीएच या चयापचयाशी संबंधित जनुकाच्या बदलात तर खुणांची विकरे धडधाकट असतात आणि पेशीचा चयापचयच घोटाळा करतो. अल्फा-कीटोग्लुटारेटशी मिळतेजुळते २-हायड्रॉक्सीग्लुटारेट साठते आणि खोडणाऱ्या विकरांत नकली किल्लीसारखे अडकून बसते.

आता एचडीएसी, म्हणजे ॲसिटिल काढणारी विकरे. लोकप्रिय लेखन सगळ्यात जास्त घसरते ते इथे. माणसात ही अठरा आहेत. अकरांना जस्त लागते. उरलेल्या सात सर्टुइनांना एनएडी हा सहायक रेणू लागतो, त्यामुळे नेहमीची एचडीएसी-रोधके त्यांना शिवत नाहीत. नावात ‘हिस्टोन’ असले तरी ही विकरे पी-५३ या कर्करोगाला आळा घालणाऱ्या प्रथिनावरचा, पेशीच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिनवरचा आणि इतर अनेक प्रथिनांवरचा ॲसिटिल गटही काढतात. तेव्हा औषधाने पेशी मेली म्हणजे ‘झोपलेले जनुक जागे झाले’ असे ठरत नाही. व्होरिनोस्टॅटला २००६ मध्ये त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी मान्यता मिळाली, रोमिडेप्सिनला २००९ मध्ये. व्होरिनोस्टॅट ४०० मिलिग्रॅम रोज एकदा, जेवणाबरोबर. रोमिडेप्सिन शिरेतून, चार तासांत. बिंबाणू घटणे, जुलाब, कमालीचा थकवा हे नेहमीचे त्रास. हृदयाच्या आलेखातला क्यूटी अवकाश लांबू शकतो, म्हणून रोमिडेप्सिन देण्याआधी रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहून घेतात. काही लिम्फोमांपलीकडे, विशेषतः स्तन-फुप्फुसांसारख्या अवयवांच्या घट्ट गाठींत, एकट्या एचडीएसी-रोधकाचा लाभ फार मर्यादित ठरला आहे. रोमिडेप्सिनची परिघीय टी-पेशी लिम्फोमासाठीची मान्यता पुढची चाचणी अपयशी ठरल्यावर अमेरिकेत २०२१ मध्ये मागे घेतली गेली. मान्यतेची बातमी मोठी होते, माघारीची होत नाही. हे आमचे गाऱ्हाणे समजा.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांबद्दलही दोन गोष्टी, कारण ‘संशोधकांना आढळले’ या दोन शब्दांत बरेच काही दडते. पहिली वेळेची. एचडीएसी रोखले की ॲसिटिलच्या खुणा काही तासांत वाढतात. ईझेडएच-२ रोखले तर मिथिलच्या खुणा लगेच जात नाहीत. जुन्या खुणा मुख्यतः पेशी विभागताना नव्या हिस्टोनांत विरळ होत जातात. खूण नीट ओसरायला तीन-चार दिवस लागतात आणि पेशी मरायला त्याहून अधिक. नेहमीची ७२ तासांची पेशीनाश चाचणी केली तर हे औषध निकामी दिसते. उलट त्याच ७२ तासांत भरपूर पेशी मेल्या तर आधी शंका घ्यावी की मात्रा प्रमाणाबाहेर आहे आणि विष भलतीकडेच लागले आहे.

दुसरी मोजणीची. डीएनएवर कोणती खूण कुठे आहे हे पाहण्यासाठी क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन करतात. पेशी १ टक्का फॉर्माल्डिहाइडमध्ये १० मिनिटे ठेवून प्रथिने डीएनएला जखडायची, १२५ मिलिमोलर ग्लायसीनने ती क्रिया थांबवायची, ध्वनिलहरींनी २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे करायचे, खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने हवे ते तुकडे ओढायचे, मग ६५ अंशांवर रात्रभर ठेवून बंध सोडवायचे आणि डीएनए मोजायचा. जखडणे जास्त झाले तर तुकडे होत नाहीत आणि खूणही झाकली जाते. ॲसिटिल पाहायचे असेल तर द्रावणात सोडियम ब्युटिरेट घालून सगळे थंड ठेवावे लागते, एरवी पेशी फुटताच एचडीएसी खुणा खोडू लागतात. प्रतिपिंड दुहेरी आणि तिहेरी मिथिलमध्ये गफलत करू शकते. शेजारच्या २८ व्या सेरीनवर फॉस्फेट बसले तर २७ वरची खूण असूनही त्याला दिसत नाही. पण सर्वांत फसवी चूक शेवटी, संगणकावर होते. प्रत्येक नमुन्यातून सारख्याच संख्येने तुकडे वाचून तुलना केली की पेशीभर दहापट घटलेली खूणही ‘फारसा बदल नाही’ अशी दिसते, कारण उरलेल्या थोडक्या तुकड्यांनीच कोटा भरून निघतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक नमुन्यात आरंभीच फळमाशीचे क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळायचे आणि त्याच्या हिशेबाने मोजायचे. विकर रोखणाऱ्या औषधाच्या अभ्यासात अशी मिसळण नसेल, निदान एकूण एच-३ शी ताडून केलेला ब्लॉट, म्हणजे प्रथिनांची पट्टीवरची मोजणी, तरी नसेल, तर नकाशे कितीही रंगीत असोत, त्यावर बातमी करू नये.

आणि खूण जनुकाच्या तोंडाशी दिसली म्हणून तिनेच जनुक चालवले, असेही म्हणता येत नाही. जनुक चालल्यामुळेही खूण पडते. उंदराच्या भ्रूणपेशींत एमएलएल-३ आणि एमएलएल-४ यांची खूण करण्याची शक्ती काढून घेतली, पण प्रथिने जागेवर ठेवली, तर बरीच जनुके जवळपास पूर्ववत चालत राहिली. विकराचे नुसते हजर असणे हेही एक काम असते, आणि क्रियास्थळ अडवणारे औषध त्याला हात लावत नाही.

‘एपिजेनेटिक आहारा’च्या जाहिरातींबद्दल एवढेच: तंतुमय पदार्थांपासून मोठ्या आतड्यात जिवाणू ब्युटिरेट बनवतात आणि ते एचडीएसीला रोखते, हे खरे. पण ते घडते आतड्याच्या पोकळीत, मिलिमोलर प्रमाणात, आणि तिथल्या निरोगी पेशी त्यातले बरेचसे इंधन म्हणून जाळून टाकतात. त्यावरून भुकटीचा डबा घेऊन अन्य अवयवातली गाठ विरघळेल असे निघत नाही. फिटांसाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएटही एचडीएसी रोखते; म्हणून ते कर्करोगासाठी आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे. त्याने गर्भात व्यंग निर्माण होते आणि यकृताला इजा होऊ शकते.

शेवटी ऊतितपासणीच्या अहवालाविषयी, कारण ही अक्षरे वाचकांच्या हाती पडतात ती बहुधा तिथेच. ‘एच-३ के-२७ ट्रायमिथिल: लॉस’ असा शेरा मज्जातंतूंच्या आवरणाच्या घातक गाठीत किंवा मेंदूच्या काही गाठींत निदानाला बळ देतो. तो विकराच्या संचाविषयी किंवा हिस्टोनविषयी सांगतो. औषध लागू पडेल की नाही याविषयी नाही. उलट जिथे खूणच गेली आहे तिथे ईझेडएच-२ रोखण्याचा हट्ट धरण्याआधी चारदा विचार करावा लागतो. आणि शेरा ग्राह्य धरण्यापूर्वी काचपट्टीवर गाठीच्या शेजारच्या रक्तवाहिन्या पाहायच्या असतात. त्यांच्या अस्तराच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी रंगलेली हवीत. तीही कोरी असतील तर खूण हरवली असे म्हणता येत नाही. रंगच चढलेला नाही, आणि तपासणी पुन्हा करायला हवी.

आपले,
क्रोमॅटिन जीवशास्त्राचे काही अभ्यासक